देणगीदारांची संगणकीय नोंदवही आणि तिचा खरा खर्च

(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)

मठाच्या कचेरीतील सर्वांत साधी दिसणारी वस्तू म्हणजे पावतीपुस्तक. एका बाजूस स्थळप्रत, दुसऱ्या बाजूस भक्ताच्या हाती द्यावयाचा कागद आणि मध्ये छिद्रांची रेघ, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु त्या कागदावर कारकून जेव्हा भक्ताचे नाव, गाव, सेवेचा प्रकार आणि रक्कम लिहितो, तेव्हा तेथे एक वचन दिले जात असते. भक्त द्रव्य अर्पण करतो आणि मठ त्याचा संकल्प पाळण्याचे पत्करतो. कोणी मातेच्या श्राद्धतिथीस अन्नसंतर्पण व्हावे म्हणून कायम ठेव ठेवतो, कोणी नंदादीपाच्या तेलाचा खर्च उचलतो, तर कोणी एखाद्या विद्यार्थ्याच्या भोजनाची सोय करतो. द्रव्य देणारा कालांतराने या लोकातून जातो, त्याचा संकल्प मात्र मठाच्या दप्तरात जिवंत राहतो. म्हणूनच देणगीदारांची नोंद हा केवळ हिशेबाचा विषय नसून वचनपालनाचा विषय आहे, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

अलीकडे मठ, देवस्थाने आणि धर्मादाय संस्था ही नोंद संगणकावर नेऊ लागल्या आहेत. त्यासाठी देणगीदारांच्या नोंदीचे खास सॉफ्टवेअर मिळते. विश्वस्तांच्या बैठकीत असा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: याची किंमत काय? विक्रेता एक आकडा सांगतो, कोषाध्यक्ष तो वहीत लिहितात आणि चर्चा त्या आकड्याभोवती फिरू लागते. तो आकडा खोटा असतो असे नव्हे, तो अपुरा असतो. यंत्राची किंमत आणि यंत्र स्वीकारण्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीचा अंदाज न करता पहिलीवर निर्णय घेणे म्हणजे गाईची किंमत विचारून वैरणीचा, गोठ्याचा आणि गुराख्याचा विचार सोडून देण्यासारखे आहे.

प्रथम या प्रणालीची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ती निरुपयोगी असती तर तिच्या खर्चाची चर्चा करण्याचेही कारण नव्हते. मठाचा शिष्यवर्ग आज एका गावात राहिलेला नाही. गोव्यातील घराणी मुंबईस आणि पुण्यास गेली, बेळगावकडील मंडळी बंगळूरला स्थायिक झाली, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील कुटुंबांची मुले परदेशी गेली. इतक्या विखुरलेल्या समुदायाशी केवळ वहीच्या आधारे संबंध राखणे कठीण आहे. शिवाय राज्याचा कायदाही आता नोंदीची मागणी करतो. सन १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली ज्या धर्मादाय संस्थांना मान्यता होती, त्यांच्यावर आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून एक नवे कर्तव्य आले. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन वा आधार यांसारखा ओळख-क्रमांक, देणगीचा प्रकार, ती देण्याची रीत आणि रक्कम यांचे विवरण फॉर्म १०बीडी मध्ये पुढील ३१ मे पर्यंत सादर करावयाचे आणि देणगीदारास फॉर्म १०बीई मधील प्रमाणपत्र द्यावयाचे. विलंब झाल्यास प्रतिदिनी २०० रुपये शुल्क ठरविण्यात आले. ज्या मठांनी विद्यालये, वसतिगृहे वा दवाखाने यांसाठी अशा मान्यतेच्या संस्था स्थापन केल्या आहेत, त्यांच्या कचेरीस शेकडो पावत्यांतून हे विवरण हाताने तयार करण्याचे श्रम काय असतात हे सांगावयास नको. नीट ठेवलेली संगणकीय नोंद हे काम काही तासांत करून देते. तेव्हा यंत्राचे साहाय्य घ्यावे की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. ते घेताना काय काय मोजावे लागते, हा आजचा विषय आहे.

या खर्चाचा पहिला भाग उघड दिसणारा आहे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की काम भागत असे. आता बहुतेक प्रणाली वर्षाच्या वा महिन्याच्या वर्गणीवर मिळतात आणि ही वर्गणी वापरणाऱ्यांच्या संख्येवर अथवा नोंदींच्या संख्येवर आकारली जाते. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. समजा, दर वापरकर्त्यास महिना १,००० रुपये असा दर आहे आणि मठाच्या कचेरीत पाच जण ती वापरणार आहेत. वर्षाचे ६०,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला म्हणजे १०,८०० रुपये अधिक होतात. व्यापारी हा कर पुढे वळता करून घेऊ शकतो. ज्या संस्थेचे उत्पन्न केवळ देणग्यांचे आहे, तिला तशी वजावट मिळण्यास मार्ग नसतो आणि तो कर तिच्या अंगावरच पडतो. एकूण वर्षास ७०,८०० आणि पाच वर्षांत ३,५४,००० रुपये. बैठकीत ‘महिना एक हजार’ असा ऐकलेला आकडा येथवर येऊन पोहोचतो. यात भ्रमणध्वनीवर संदेश पाठविण्याचा खर्च धरलेला नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असे सामूहिक संदेश पाठविणाऱ्या संस्थेस आपली, आपल्या नाममुद्रेची आणि संदेशाच्या मजकुराची आगाऊ नोंदणी करावी लागते. हेही काम कोणीतरी करावयाचे असते.

यावर कोणी म्हणेल की, काही प्रणाली तर विनामूल्य मिळतात. ते खरे आहे, आणि म्हणूनच त्यांचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. अमेरिकेतील सेल्सफोर्स या कंपनीने पात्र सेवाभावी संस्थांना दहा जणांपुरता वापर विनामूल्य देण्याची योजना अनेक वर्षे चालविली आणि जगभरच्या असंख्य संस्थांनी तिचा लाभ घेतला. परंतु ती प्रणाली मुळात विक्रीव्यवहारासाठी रचलेली. ती देणग्यांच्या कामास जुळवून घेण्यासाठी जाणकार लागतो आणि त्याचे मानधन संस्थेने द्यावयाचे असते. पुढे २०२३ मध्ये त्याच कंपनीने सेवाभावी संस्थांसाठी निराळ्या पायावर उभारलेली नवी प्रणाली पुढे आणली. जुन्या रचनेत स्थिरावलेल्या संस्थांपुढे पुन्हा स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला. २००५ पासून उपलब्ध असलेली सिव्हीसीआरएम ही प्रणाली तर पूर्णपणे मुक्त आहे, तिला परवाना-शुल्कच नाही. तरीही तिच्यासाठी सर्व्हर लागतो, नव्या आवृत्त्या वेळेवर बसवाव्या लागतात आणि बिघाड झाल्यास तो दुरुस्त करणारा माणूस हाताशी असावा लागतो. दान म्हणून मिळालेल्या यंत्राचा पोषणखर्च दान म्हणून मिळत नाही.

दुसरा भाग जुन्या नोंदी शुद्ध करण्याचा. प्रत्यक्षात हाच बहुधा सर्वांत मोठा निघतो आणि दरपत्रकात याचाच उल्लेख सर्वांत लहान अक्षरांत असतो. मठाच्या वह्या पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेल्या. काही जुन्या नोंदी मोडीत आहेत, नंतरच्या बाळबोधात आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव भागातील पत्ते कानडीतही येऊ लागले, वडोद्याचे पत्ते गुजरातीत आले. गोव्यातील नावांची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तेथील दस्तऐवजांतून नावे पोर्तुगीज वळणाने लिहिली जात. ‘प्रभू’चे ‘पोरोबो’ झाले, ‘शेणवी’चे ‘सिनाय’ झाले, आणि आडनावाच्या शेवटी येणारा ‘कर’ रोमन लिपीत ‘के’ ऐवजी ‘सी’ने लिहिला जाऊ लागला. एकाच घरातील आजोबांचे नाव एका वळणाने, तर नातवाचे दुसऱ्या वळणाने लिहिलेले आढळते. जुन्या कारकुनास हे घराणे एक आहे हे पाहताक्षणी समजते. यंत्रास ती दोन निरनिराळी माणसे वाटतात. मग एकाच कुटुंबास दोन निमंत्रणपत्रिका जातात. ही चूक क्षम्य होय. परंतु याउलट दोन भिन्न व्यक्तींची नावे सारखी म्हणून त्यांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या, तर एकाच्या पित्याची कायम सेवा दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि ही चूक मात्र क्षम्य नव्हे.

संगणकावर पूर्वीच चढविलेल्या याद्याही निर्दोष असतात असे समजू नये. अनेक संस्थांनी आपल्या याद्या श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या टंकांत उतरविल्या. त्या टंकांच्या रीतीत संगणकाच्या स्मृतीत साठत असे ते रोमन अक्षराचेच चिन्ह, आणि पडद्यावर त्याला देवनागरी रूप मिळे ते त्या टंकामुळे. टंक काढून घेतला की ‘श्री’च्या जागी अर्थहीन चिन्हांची ओळ दिसते. आजच्या प्रणालींना युनिकोड लागते, ज्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. एका रीतीतून दुसरीत नेण्याची साधने आहेत, तरी जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात आणि माणसाने त्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

या कामास वेळ किती लागेल? पुन्हा उदाहरणादाखल धरावे की, मठाच्या दप्तरात ८,००० नावे आहेत आणि एक नाव वहीशी ताडून, पत्ता पाहून, दुबार नोंद शोधून निश्चित करण्यास सरासरी सहा मिनिटे लागतात. एकूण ४८,००० मिनिटे, म्हणजे ८०० तास झाले. दिवसाचे सहा तास अव्याहत काम धरले तरी एका माणसाचे १३३ दिवस, आणि महिन्यास पंचवीस कामाचे दिवस मानल्यास पाच महिन्यांहून अधिक काळ होतो. त्या माणसाचे वेतन महिना २०,००० रुपये असेल, तर एक लाखाहून अधिक रुपये केवळ या शुद्धीकरणास लागतात. हा खर्च टाळता येत नाही. तो आधी केला नाही तर पुढे दरवर्षी चुकलेल्या पावत्या, परत आलेली टपाले आणि दुखावलेली मने यांच्या रूपाने फेडावा लागतो.

तिसरा भाग मठाच्या रीतीस प्रणाली जुळवून घेण्याचा. बाजारातील बहुतेक प्रणाली पाश्चात्त्य संस्थांच्या गरजा पाहून रचलेल्या आहेत. त्यांना तारीख समजते, तिथी समजत नाही. कायम सेवेचा संकल्प मात्र तिथीवर असतो. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी दरवर्षी वेगळ्या तारखेस येते. तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. श्राद्धासाठी सूर्योदयाची तिथी न घेता अपराह्णकाळी असलेली तिथी घ्यावी लागते. अधिक मास आला तर सेवा अधिकात करावयाची की निजात, हे संकल्पाच्या स्वरूपावर आणि मठाच्या परंपरेवर ठरते. सन २०२३ च्या पंचांगात अधिक श्रावण, २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ, असा हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी उभा राहणारच. आणखी एक सूक्ष्म भेद आहे. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात आणि तेलंगण येथे मास अमान्त मानला जातो, उत्तरेकडे तो पूर्णिमान्त मानण्याची रीत आहे. त्यामुळे महाशिवरात्र मराठी पंचांगात माघ वद्य चतुर्दशीस, तर उत्तरेकडील पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशीस लिहिलेली असते. दिवस एकच, नाव वेगळे. ग्वाल्हेरच्या वा इंदूरच्या एखाद्या शिष्याने स्थानिक पुरोहितास विचारून वद्य पक्षातील तिथी कळविली असेल, आणि येथील कारकुनाने ती आपल्या पंचांगाप्रमाणे यंत्रात घातली, तर ते श्राद्ध एक महिना चुकेल आणि दरवर्षी चुकत राहील. वहीचा कारकून पत्रावरील गाव पाहून शंका घेई. यंत्र शंका घेत नाही. त्यास ही शंका शिकवावी लागते आणि शिकविणाऱ्यास मोबदला द्यावा लागतो.

चौथा भाग माणसांचा. नवी प्रणाली आली की पहिले काही महिने वही आणि संगणक दोन्ही चालवावे लागतात. दोहोंची तेरीज जुळेपर्यंत वही बंद करणे हे धाडसाचे काम होय. या काळात कचेरीचे श्रम कमी न होता वाढतात आणि विश्वस्तांनी ही वाढ गृहीत धरली नाही तर सारा दोष कारकुनावर येतो. वास्तविक जुना कारकून हाच या कामातील सर्वांत मौल्यवान माणूस असतो. कोणत्या घराण्याची कोणती शाखा कोठे गेली, कोणाच्या वर्षासनाची रक्कम कोणी पुढे चालू ठेवली, कोणत्या ठेवीस कोणती अट आहे, हे वहीत जितके लिहिलेले असते त्याहून अधिक त्याच्या स्मरणात असते. संगणक आला म्हणून त्यास बाजूस बसविले तर ती स्मृती त्याच्याबरोबरच लुप्त होते आणि ती पुन्हा विकत मिळत नाही. एखाद्या तरुण स्वयंसेवकास त्याच्या शेजारी बसवावे, एकाने सांगावे, दुसऱ्याने यंत्रात भरावे. या रीतीने दोन पिढ्यांचा मेळ बसतो आणि तरुणांच्या मनात मठाच्या इतिहासाविषयी आस्था उत्पन्न होते. मात्र सर्व काम एका हौशी स्वयंसेवकावर सोपविणेही धोक्याचे आहे. नोकरीनिमित्त तो परगावी गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. पाठीमागे जे राहते ते यंत्र असते, पण ते उघडणारा कोणी नसतो.

पाचवा भाग बाहेर पडण्याचा. प्रणालीत प्रवेश करताना सर्वजण साहाय्यास येतात, निघताना मात्र कोणी येत नाही. कंपनीने दर वाढविले, ती बंद पडली, अथवा दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, तर मठाची नोंद परत कशी मिळणार? ती सर्व मिळणार की केवळ नावे व रकमा मिळणार? पावत्यांच्या प्रती, संकल्पाचे शब्द, ठेवींच्या अटी यांचे काय? हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारावयाचे असतात, नंतर त्यांना किंमत राहत नाही. नोंदीचा स्वामी मठ आहे, कंपनी केवळ ती सांभाळणारी आहे, ही गोष्ट कराराच्या कागदावर स्पष्ट शब्दांत आली पाहिजे, आणि दर महिन्यास संपूर्ण नोंदीची एक प्रत मठाच्या स्वतःच्या ताब्यात येत राहिली पाहिजे.

येथवरचे पाचही भाग रुपयांत वा दिवसांत मोजता येतात. सहावा भाग मोजता येत नाही आणि तोच सर्वांत जड आहे. तो म्हणजे विश्वासाचा. या संबंधात अमेरिकेतील एक घटना सविस्तर पाहण्यासारखी आहे. ब्लॅकबॉड ही १९८१ मध्ये स्थापन झालेली कंपनी विद्यापीठे, रुग्णालये, शाळा आणि धर्मादाय संस्था यांच्या देणगीदारांच्या नोंदी सांभाळण्याच्या व्यवसायात जगात अग्रगण्य मानली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका चोराने तिच्या एका ग्राहकाचे नाव व पासवर्ड वापरून आत प्रवेश मिळविला. मे महिन्यापर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. कंपनीने त्यास २४ बिटकॉइन खंडणी दिली आणि जुलैमध्ये आपल्या ग्राहक-संस्थांना कळविले. बाधित संस्थांची संख्या १३,००० हून अधिक होती. इंग्लंडातील नॅशनल ट्रस्टसारखी संस्थाही त्यांत होती. बँक-खात्यांचे क्रमांक चोरास मिळाले नाहीत असे प्रथम सांगण्यात आले, परंतु काही नोंदींच्या बाबतीत ते तसे नव्हते, हे पुढे उघड झाले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाशी ३० लक्ष डॉलरांवर आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील ४९ राज्ये व राजधानीचा जिल्हा यांच्याशी ४ कोटी ९५ लक्ष डॉलरांवर कंपनीस तडजोड करावी लागली. २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने, ज्या माहितीची गरज उरलेली नाही ती नष्ट करावी, असा आदेश तिला दिला. जे ग्राहक सोडून गेले होते त्यांचीही माहिती ती कंपनी वर्षानुवर्षे साठवून होती, असा आयोगाचा आक्षेप होता.

या घटनेतून मठांनी घ्यावयाचा बोध कोणता? कंपनीने दंड भरला, परंतु देणगीदारांना क्षमायाचनेची पत्रे लिहावी लागली ती संस्थांना. ज्या वृद्ध गृहस्थाने आपल्या शाळेस वा रुग्णालयास देणगी दिली होती, त्याने त्या कंपनीचे नावही कदाचित ऐकले नव्हते. त्याने विश्वास टाकला होता तो आपल्या संस्थेवर. मठाच्या बाबतीत ही गोष्ट शतपटीने खरी आहे. भक्त आपला पॅन क्रमांक, भ्रमणध्वनी, घरचा पत्ता, आईवडिलांच्या मृत्यूच्या तिथी आणि कधीकधी ज्या संकटातून सुटण्यासाठी नवस बोलला त्या संकटाची हकिकतही मठास सांगतो. हे सर्व एखाद्या अपरिचिताच्या हाती गेले, तर दोष सॉफ्टवेअरचा होता असे सांगून मठास मोकळे होता येणार नाही. भारताचा कायदाही हेच म्हणतो. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती कोणत्या हेतूने व कशी वापरावयाची हे ठरविणाऱ्या संस्थेस विश्वस्त या अर्थाचेच नाव दिलेले आहे, आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविले तरी मूळ जबाबदारी त्या संस्थेचीच राहते असे त्यात म्हटले आहे. संरक्षणात हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवलेली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील मुख्य कर्तव्ये अंमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. जी माहिती लागत नाही ती मागू नये, आणि जिचे काम संपले ती ठेवू नये. पावतीसाठी नाव, पत्ता व रक्कम पुरत असेल तर जन्मदिनांक कशास हवा? न साठविलेली माहिती कोणी चोरू शकत नाही. मात्र कायम सेवेचे संकल्प आणि ठेवींच्या अटी यांची गोष्ट निराळी. त्यांचे काम कधीच संपत नाही. त्यांची एक प्रत कागदावर, चांगल्या शाईत, कुलपाखाली असणे हे आजही शहाणपणाचे आहे.

आणखी एक धोका आहे. त्याची नोंद कोणत्याही दरपत्रकात सापडणार नाही. या प्रणालींत देणगीदारांची क्रमवारी लावण्याची सोय असते. कोणी किती दिले, कोण आणखी किती देऊ शकेल, कोणाकडे किती मालमत्ता असावी, यांचे अंदाजही काही प्रणाली करून देतात. पाश्चात्त्य निधिसंकलनात ही रीत रूढ आहे आणि मोठ्या रुग्णालयास वा विद्यापीठास तिचा उपयोगही होत असेल. मठात मात्र तिच्याविषयी सावध असले पाहिजे. पडद्यावर रोज सकाळी पहिल्या स्थानी सर्वांत मोठी रक्कम दिसू लागली, म्हणजे हळूहळू कचेरीची दृष्टी तशी होते, आणि कचेरीची दृष्टी तशी झाली की प्रसादाच्या पंक्तीतही तिची छाया पडते. चाळीस वर्षे न चुकता दर गुरुपौर्णिमेस अकरा रुपये पाठविणारी एखादी वृद्धा त्या यादीच्या तळाशी जाते. वहीत तिचे नाव तारखेच्या क्रमाने येत असे. तिच्या आधी कोणा श्रीमंताचे नाव आले तर तो केवळ आधी आला म्हणून. वहीच्या या सहज समतेत मोठा धर्म होता. यंत्र स्वीकारताना तो धर्म सुटणार नाही, याची तजवीज विश्वस्तांनी बुद्ध्या करावयास हवी. क्रमवारीची ती सोय बंद ठेवावी, आणि त्याऐवजी अखंड सेवेच्या वर्षांची यादी यंत्राकडून काढून घ्यावी. ज्यांचे वर्षासन एकाएकी थांबले आहे त्यांची यादीही काढावी, पण ती वसुलीसाठी नव्हे. त्या घरी काही दुःख तर आले नाही ना, याची विचारपूस करण्यासाठी ती काढावी. यंत्राचा असा उपयोग झाला तर ते खरोखर मठाचे सेवक ठरेल.

तेव्हा विश्वस्तांनी कोणत्या क्रमाने जावे? प्रथम वह्या शुद्ध कराव्यात. साध्या कोष्टकात नावे उतरवून, दुबार नोंदी काढून आणि तिथी पडताळून हे काम कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी होऊ शकते, आणि लहान मठास कदाचित तेवढेच पुरेल. दुसरे, पाच वर्षांचा खर्च एकत्र मांडावा. त्यात वर्गणी, कर, शुद्धीकरण, जुळवणी, शिक्षण आणि पर्यवेक्षण या सर्वांस निरनिराळ्या ओळी असाव्यात. तिसरे, विक्रेत्याने दाखविलेल्या नमुन्यावर समाधान न मानता मठाच्याच वहीतील सर्वांत कठीण अशा वीस नोंदी त्याच्यापुढे ठेवाव्यात: एक पूर्णिमान्त तिथीची, एक पोर्तुगीज वळणाच्या नावाची, एक तीन भावांनी मिळून ठेवलेल्या ठेवीची. त्या ज्या प्रणालीत नीट बसतील तीच घ्यावी. चौथे, बाहेर पडण्याच्या अटी आधी लिहून घ्याव्यात. पाचवे, हा खर्च भक्तांपासून लपवू नये. कित्येक संस्था असा खर्च कमीपणाचा समजून अन्य सदरांत दडवितात. वास्तविक भक्ताच्या संकल्पाचे रक्षण करण्यासाठी केलेला खर्च हा नंदादीपाच्या तेलाइतकाच सेवेचा खर्च आहे. तो वार्षिक ताळेबंदात त्याच्याच नावाने दाखविला, तर त्यासाठी स्वतंत्र देणगी देणारेही पुढे येतील.

सज्जनहो, मोडीतून बाळबोध आली, हस्तलिखितामागून मुद्रण आले, आता मुद्रणामागून संगणक आला. प्रत्येक वेळी साधन बदलले, आणि प्रत्येक वेळी जुन्यातील काही ना काही गहाळ होण्याचा प्रसंग आला. ज्या संस्थांनी त्या काळी एकेक नोंद धीराने उतरवून घेतली, त्यांच्याच दप्तरात पूर्वजांचे संकल्प आजही वाचता येतात. तोच धीर आज पुन्हा हवा आहे. यंत्राचे मोल द्रव्याने देता येते. धीर, दक्षता आणि समदृष्टी यांचे मोल मात्र मठाच्या माणसांनी स्वतःच द्यावे लागते. पन्नास वर्षांनी एखाद्या तिथीस मठाच्या पाकशाळेत चूल पेटेल आणि जिच्या नावे अन्न वाढले जाईल त्या मातेचे नाव अचूक उच्चारले जाईल, तेव्हाच हा सारा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल. ते नाव अचूक राहण्याची बुद्धी व सामर्थ्य श्रीगुरुकृपेने सर्व सेवकांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.